फ्यूज काढल्याने साधे स्टिअरिंग होत नाही



गेल्या अंकातील पत्रलेखकांच्या मते, गाडीच्या सगळ्या व्हेरिएंटचा स्टिअरिंग रॅक एकच असतो. म्हणून पॉवर स्टिअरिंग बिघडले तर त्याचा फ्यूज काढून गाडी खुशाल चालवावी, असेही ते सांगतात. हा सल्ला धोक्याचा आहे.

२०१२ साली आलेली अल्टो ८०० घ्या. एसटीडी आणि एलएक्स व्हेरिएंटना साधे स्टिअरिंग होते, एलएक्सआयला पॉवर. साध्या रॅकचा रेशो सहसा संथ ठेवतात: स्टिअरिंगचे वेढे जास्त, पण हाताला जोर कमी. पॉवर स्टिअरिंगला मोटरची साथ असल्याने रेशो जलद ठेवता येतो. ती साथ बंद केली की जलद रेशोचा भार एकट्या चालकावर येतो, शिवाय निपचित मोटरही त्यालाच फिरवावी लागते. वेगात हे फारसे जाणवत नाही, म्हणूनच लोक फसतात. अरुंद गल्लीत ऐनवेळी गाडी वळवताना हात कमी पडतात.

रॅक असे वेगवेगळे असल्याने जुन्या बाजारातून रॅक घेणाऱ्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे वेढे मोजावेत, पार्ट नंबर ताडून पाहावा. आणि बिघडलेले पॉवर स्टिअरिंग कृपया दुरुस्तच करून घ्यावे.

— एक वाचक