गाडी तापते, हे खरं. पण केव्हा तापते?

शनिवार-रविवारी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे जो गाड्यांचा ओघ लागतो, त्यात पंधरा-वीस वर्षांच्या मारुती ८००, ऑम्नी, इंडिका अजूनही भेटतात. ठाण्याकडून येणाऱ्याला आधी मानकोली आणि अंजूरफाट्याची कोंडी, मग भिवंडी-वाडा रस्त्याचे खड्डे पार करून अंबाडी गाठायची असते. अहमदाबाद महामार्गाने येणाऱ्याला घोडबंदरची रांग चुकत नाही. मे महिन्याच्या दुपारी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तास-दीड तास रेटलेल्या जुन्या गाडीचा काटा लाल रेषेकडे सरकला, तर त्यात नवल नाही. नवल पुढच्या गोष्टीचं आहे. अशी गाडी गॅरेजात गेली की बहुतेक ठिकाणी ठरलेले उपचार होतात: थर्मोस्टॅट काढून टाकायचा, पंखा स्विच वगळून ‘डायरेक्ट’ करायचा, रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरायचं आणि गाडी परत द्यायची. आजार कोणता हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की गाडी तापते ही तक्रार अपुरी आहे. ती केव्हा तापते हे कळल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

पेट्रोल जाळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. तेवढीच धुराड्यातून जाते आणि उरलेली पाण्याच्या वाटेने बाहेर काढावी लागते. हे पाणी वॉटर पंप फिरवतो, रेडिएटर ते थंड करतो, पंखा रेडिएटरमधून हवा ओढतो आणि थर्मोस्टॅट पाण्याची वाट उघडतो-मिटतो. यातला प्रत्येक भाग आपल्या पद्धतीने बिघडतो आणि बिघडल्याची खूण वेगळी देतो. कोंडीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर संशय पंख्यावर; कारण वेगात पंख्याचं काम वारा करतो. मारुती ८०० सारख्या गाडीत पंख्याला स्वतःची मोटर असते, म्हणून फ्यूज, रिले, तापमानावर चालणारा स्विच आणि मोटर या क्रमाने पाहिलं की दोष बहुधा सापडतो. ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनीत पंखा इंजिनच्याच पट्ट्यावर फिरायचा; इंजिन मंद तर पंखाही मंद. तिथे ढिला पट्टा आधी बघायचा.

याउलट, शहरात गाडी शहाण्यासारखी वागते पण कसारा घाट चढताना किंवा महामार्गावर वेग धरला की तापते, तेव्हा पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही. उष्णता जास्त तयार होते आहे आणि पाणी ती पुरेशी वाहून नेत नाही. म्हणजे रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील किंवा खालचा होज पाइप आतून मऊ पडून ओढीने चपटा होत असेल. गाडी सकाळी सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच तापते, वरचा पाइप कढत आणि खालचा जवळजवळ गार लागतो, तर थर्मोस्टॅट मिटलेला अडकला असण्याची शक्यता मोठी. आणि बाहेर कुठेही गळती नसताना पाणी रोज कमी होतं, सायलेन्सरमधून गरम इंजिनलाही पांढरा धूर येतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतो, तर हेड गॅस्केटची शंका घ्यायची. काट्यावरही आंधळा विश्वास नको. पाणी फारच कमी झालं की सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि इंजिन जळायला आलं असताना काटा साळसूदपणे खाली बसतो.

आता त्या थर्मोस्टॅटबद्दल, कारण सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावरच होतो. ‘हा वॉल थंड देशांसाठी असतो, आपल्याकडे त्याची गरज नाही,’ हे वाक्य गॅरेजोगॅरेजी इतक्या खात्रीने बोललं जातं, की गिऱ्हाईक मान डोलावतं. युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, पण तो आकड्यांपुढे टिकत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ किंवा ८८ अंशांना उघडू लागतो. भिवंडीची दुपार ४० अंशांची असली तरी त्या आकड्यापासून ती फार लांब आहे. निरोगी थर्मोस्टॅट इंजिन तापल्यावर पूर्ण उघडतो, पाण्याला फारसा अडवत नाही आणि सकाळच्या वेळी इंजिनला लवकर कामाच्या तापमानावर आणतो. तो काढला की इंजिन बराच काळ अर्धवट गरम चालतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल आणि गाळ साठतो, सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो; तो काढल्यावर ती वाट कायमची उघडी राहते, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. मग मेकॅनिक म्हणतो, इंजिनच गेलं!

पंखा ‘डायरेक्ट’ करण्याचंही तसंच. वाटेत अडकलेल्याला घरी पोचवायला ती युक्ती उत्तम, पण कायमची व्यवस्था म्हणून ती मोटर झिजवते आणि बिघडलेला स्विच लपवते.

पाण्याचा मुद्दा या परिसरात तर आवर्जून सांगायला हवा. तानसा नदीच्या काठची अकलोलीची ही कुंडं जमिनीखालच्या भेगांतून वर येणाऱ्या पाण्याची आहेत, आणि त्या प्रवासात पाण्यात क्षार विरघळतात. अंगाला बरं वाटणारं हे पाणी रेडिएटरला मात्र घातक. क्षारांतली क्लोराइडं ॲल्युमिनियमचं हेड खातात. उरलेले क्षार तापलेल्या धातूवर बसतात. घरच्या बंबात चढतो तोच पांढरा थर इंजिनच्या आतल्या वाटांत चढतो आणि उष्णता धातूतून पाण्यात जाऊच देत नाही. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी याच कारणाने रोजच्या वापराला नको. कूलंट म्हणजे रंगीत पाणी, हा समजही सोडून द्यावा. ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळतं. त्याशिवाय त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात. वर रेडिएटरच्या झाकणाने सुमारे ०.९ बार दाब धरला, तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. म्हणून झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल पडली, तरी बाकी सगळं ठाकठीक असलेली गाडी उकळू शकते. आणि म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडायचं नसतं: दाब सुटताच ते पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अडचणीच्या वेळी, गाडी पूर्ण निवल्यावर, मिळेल ते पाणी घालायला माझी हरकत नाही. नंतर ते काढून, आत धुऊन, कूलंट भरायला विसरू नये.

यावर गॅरेजवाल्यांचं उत्तर असतं की गिऱ्हाईकच तपासणीचे पैसे द्यायला तयार नसतं. त्याला लगेच गाडी हवी असते आणि बिल कमी हवं असतं. हे खरं आहे आणि यात गिऱ्हाईकाचा दोष मोठा आहे. पण तपासणी वाटते तितकी महाग नसते. थर्मोस्टॅट पातेल्यात टांगून पाणी तापवलं की तो उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं. प्रेशर टेस्टर लावला की लपलेली गळती आणि ढिलं झाकण दोन्ही उघडं पडतं. हेड गॅस्केटच्या संशयासाठी, कूलंटमधून निघणाऱ्या हवेत ज्वलनाचा वायू आहे का हे निळ्याचा पिवळा होणारा द्रव सांगतो. हे न करता चालवलेली गाडी एकदा नीट तापली की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. मग हेड उतरवणं, फेसिंग, नवं गॅस्केट, मजुरी असा खर्च येतो, आणि त्यापुढे थर्मोस्टॅटची किंमत चिल्लर ठरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: इतक्या जुन्या गाड्या ठेवायच्याच कशाला? पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं, वर राज्याचा पर्यावरण कर आहे. सरकारचा कल स्पष्ट आहे. जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, हेही नाकारता येत नाही. मात्र वाडा किंवा शहापूरकडच्या कुटुंबाला, जिथे रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला दुसरं साधन नसतं, ‘नवी घ्या’ हा सल्ला फुकटचा वाटतो. शिवाय थर्मोस्टॅटविना थंड चालणारी, पेट्रोल ओकणारी जुनी गाडी आणि नीट तापमानावर चालणारी जुनी गाडी यांच्या धुरातही फरक असतो. मर्यादा मला मान्य आहे. हेड एकदा फेस मारून पुन्हा वाकलं असेल, ब्लॉकला तडा गेला असेल, किंवा आतल्या पाण्याच्या वाटाच गंजून पातळ झाल्या असतील, तर ती गाडी भंगारात द्यावी. पण असा निकाल हेड उतरवून, त्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज ठेवून द्यायचा असतो. अंबाडी नाक्यावर बॉनेटमधून वाफ निघाली म्हणून नव्हे.