भुयारातले ओघम दगड : नासधूस कोणी केली?

आयर्लंडच्या केरी परगण्यात, कूलमॅगॉर्ट येथे १८३८ साली एक भुयार सापडले. त्याच्या छताला तुळयांप्रमाणे चक्क ओघम लेखांचे दगड घातलेले! ‘अडाण्यांनी वारसा गाडला’ हा शेरा मग ठरलेलाच. तो मला साफ अमान्य आहे. ओघम अक्षरे म्हणजे दगडाच्या कडेवरच्या खाचा. उघड्यावर त्या पावसावाऱ्याने झिजतात, भुयारात मात्र त्यांना आडोसा मिळाला. शिवाय मजकूर बहुधा ‘अमक्याचा मुलगा तमका’ एवढाच. ड्रुइडांचे गूढ मंत्र शोधणाऱ्यांची येथे निराशाच व्हायची. त्या नावांशी नाते न उरलेल्या शेतकऱ्याला लांब, मजबूत दगड हवा होता, त्याने तो घेतला. आज हे दगड डनलोजवळ रस्त्याकडेला, उघड्या आभाळाखाली उभे आहेत. आणि याला आपण ‘जतन’ म्हणतो!