बंद पडलेली मोटारसायकल आणि आपली प्रात्यक्षिके

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. वातावरणाचा दाब हा भाग आजवर किती वेळा शिकवला असेल, त्याची मोजदाद नाही. तरीही २०१९ सालच्या पावसाळ्यानंतर याच दाबाने मला तीन आठवडे रस्त्याच्या कडेला उभे केले आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही. ती हकीकत येथे सांगतो, कारण तिच्या निमित्ताने आपल्या प्रात्यक्षिकांविषयी मला काही म्हणायचे आहे.

माझी मोटारसायकल जुनी, १०० सीसीची, कार्ब्युरेटर असलेली. घरापासून महाविद्यालय १२ किलोमीटर. सकाळी गाडी एका किकमध्ये सुरू होई आणि नऊ-दहा किलोमीटर गेल्यावर गचके देत बंद पडे. मग कितीही किका मारा, सुरू होण्याचे नाव नाही.

पेट्रोलचे इंजिन चालायला मुख्यत्वे तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवा यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण, ते मिश्रण दट्ट्याने पुरेसे दाबले जाणे आणि नेमक्या वेळी प्लगमध्ये पडणारी ठिणगी. यांपैकी काय चुकते आहे, हे आधी शोधायला हवे होते. मी तसे केले नाही. “प्लग गेला असेल, बदलून टाका,” असे मीच मेकॅनिकला सांगितले. त्याने येऊन नवा प्लग बसवला, किक मारली आणि गाडी सुरू! दोष सापडला, असे समजून मी निघालो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कॉइल बदलली; गाडी सुरू. पुन्हा बंद. मग कार्ब्युरेटर साफ केला, गाडी सुरू. पुढे एके दिवशी पंपावर टाकी काठोकाठ भरली, तर गाडी तीन किलोमीटरवरच थांबली. पेट्रोलमध्येच भेसळ असणार, असा निष्कर्ष मी काढून मोकळा झालो.

त्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर माझी अकरावीतील एक विद्यार्थिनी उभी होती. ती जवळ येऊन म्हणाली, “सर, पेट्रोल आहे ना?” मला जरा रागच आला. तिला दाखवण्यासाठी मी टाकीचे झाकण उघडले. फुस्स असा आवाज झाला. टाकी भरलेलीच होती. झाकण लावून सहज किक मारली, तर गाडी सुरू! मी निघण्याच्या घाईत होतो. पण तिने विचारले, “सर, तो आवाज कसला आला?”

विद्यार्थी मित्रांनो, तीन आठवड्यांत कोणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

किराणा दुकानदार तेलाच्या डब्याला दोन भोके पाडतो, हे तुम्ही पाहिले असेल. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरे भोक नसेल तर तेल अडखळते. मोटारसायकलच्या टाकीच्या झाकणातही असाच एक बारीक हवेचा मार्ग असतो. माझ्या गाडीत तो पावसाळ्यातील चिखलाने जवळजवळ बुजला होता. पेट्रोल खाली जाई, पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नसे. आतील दाब कमी होत जाई आणि अखेरीस पेट्रोल वाहणेच थांबे.

पण दाब असा किती कमी व्हायला हवा? ढोबळ गणित करून पाहू. वातावरणाचा दाब पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून त्याचा स्तंभ साडेतेरा मीटरच्या आसपास भरेल. टाकीतील पेट्रोलची पातळी कार्ब्युरेटरच्या वर फार तर २० सेंटिमीटर. म्हणजे आतील दाब केवळ दीड टक्क्याने कमी झाला, तरी पेट्रोल खाली उतरणार नाही! टाकीत वर ६ लिटर मोकळी जागा असेल, तर तिच्या दीड टक्का म्हणजे ९० मिलिलिटर पेट्रोल गेले की पुरवठा बंद. लिटरला ६० किलोमीटर धरले तर हे अंतर साडेपाच किलोमीटर होते. प्रत्यक्षात मोकळ्या जागेत पेट्रोलची वाफही असते आणि जागा वाढली तरी नवी वाफ तयार होऊन तिचा दाब फारसा घटत नाही. शिवाय कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल शिल्लक असते. त्यामुळे गाडी नऊ-दहा किलोमीटर जात असे, यात नवल नाही.

याच गणितातून दुसरे कोडेही सुटते. टाकी काठोकाठ भरली की मोकळी जागा अगदी थोडी उरते. मग थोडेसे पेट्रोल जाताच दाब दीड टक्क्याने उतरतो आणि गाडी लवकर बंद पडते. भेसळीचा संशय अगदीच अनाठायी होता. आणि प्लग, कॉइल, कार्ब्युरेटर यांचे काय? प्रत्येक दुरुस्तीला अर्धा-पाऊण तास लागे. तेवढ्या वेळात बुजलेल्या मार्गातून झिरपत झिरपत हवा आत जाई आणि गाडी सुरू होई. काम करत होता तो वेळ. श्रेय मिळाले नव्या प्लगला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ!

तरीही ही एक कल्पनाच होती; ती तपासायला हवी होती. गाडी बंद पडली की फक्त झाकण उघडायचे, दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही, असे मी तीनदा केले. तिन्ही वेळा गाडी सुरू झाली. मग झाकण काढून घरी आणले, धुतले, मार्ग मोकळा केला आणि मुद्दाम जुना प्लग व जुनी कॉइल परत बसवली. त्यानंतर गाडी वाटेत थांबली नाही. निर्दोष सुट्या भागांवर मी पैसे घालवले होते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

आता माझे म्हणणे सांगतो. माझ्या अज्ञानाला कारण ज्ञानाचा अभाव नव्हता. टॉरिचेलीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीचा प्रयोग केला, हे मला पाठ होते. कमी होती ती सवयीची. विद्यार्थी असताना मी जी प्रात्यक्षिके केली, त्यांत प्रत्येक उपकरण आधीच जुळवून ठेवलेले असे आणि उत्तर ठाऊक असे. लंबकाच्या प्रयोगात ९.८ च्या जवळपासचा आकडा आला नाही, तर तो का आला नाही, हे कोणी विचारत नसे. शेजाऱ्याच्या वहीत पाहून तो आणला जाई. आणि खरे सांगायचे तर शिक्षक म्हणून मीही अनेक वर्षे तेच चालू दिले.

माझी सूचना साधी आहे. वर्षभरातील प्रात्यक्षिकांपैकी निदान एकात उपकरण मुद्दाम बिघडवून द्यावे. आवरणाच्या आत तुटलेली तार, उतरलेला सेल, सैल झालेला स्क्रू, एवढे पुरे. विद्यार्थ्याने वहीत तीन रकाने करावेत: मला काय वाटले, मी काय तपासले, काय आढळले. गुण द्यावेत ते दोष सापडल्याबद्दल नव्हेत, तर एका वेळी एकच गोष्ट बदलून क्रमाने शोधल्याबद्दल.

शिक्षक म्हणतील, वेळ कुठे आहे आणि धड उपकरणे तरी कुठे आहेत? वेळेची अडचण खरी आहे. तिला माझ्याकडे एका प्रयोगाला कात्री लावण्यापलीकडे उपाय नाही. पण बिघडलेल्या उपकरणांची वाण कोणत्या प्रयोगशाळेत आहे? कपाटात धूळ खात पडलेले विद्युत्घटच या प्रात्यक्षिकाचे साहित्य होऊ शकतात.

दुसरा आक्षेप असा, की एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, नव्या गाड्यांत इंधन बहुधा पंपाने फवारले जाते आणि बिघाड झाला तर दिवा लागतो. मग हे शोधकाम हवे कशाला? पण दिवा सांगतो ते लक्षण. कारण माणसालाच शोधावे लागते. डॉक्टरला थर्मामीटर ताप दाखवतो, रोग दाखवत नाही.

जाता जाता एक ताकीद. प्लग बाहेर काढून ठिणगी पाहण्याचा प्रकार तुम्ही गॅरेजात पाहिला असेल. तो स्वतः करू नका. तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो आणि जवळच पेट्रोलची वाफ असते. शोधायचे ते आधी डोळ्यांनी, कानांनी आणि कागद-पेन्सिलीने शोधा.

ती विद्यार्थिनी पुढच्या परीक्षेत प्रात्यक्षिकात मागे पडली. तिचे आकडे “बरोबर” आले नव्हते. त्या दिवशी तिने विचारलेल्या प्रश्नासाठी आमच्या गुणपत्रिकेत रकानाच नव्हता. तो असायला हवा, एवढेच मला म्हणायचे आहे.