उंची बरोबर, गाडी आजारी

मेकॅनिकलच्या ओरलला सस्पेन्शन निघालं की एक्स्टर्नल सरांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘एक्स्प्लेन विथ निट स्केच.’ आपण स्केच काढतो, बाण दाखवतो, नावं लिहितो आणि सुटतो. ‘ही गाडी बिघडली तर आधी काय बघशील?’ असं कुणी विचारत नाही. माझ्या मते हाच प्रश्न विचारायला हवा. आणि त्यासाठी उंची कमीजास्त करणाऱ्या हायड्रॉलिक सस्पेन्शनइतका चांगला विषय नाही, कारण तिथे बिघाड चक्क लपून बसतो.

उदाहरण फ्रान्सच्या सिट्रोएनचं घेऊ. पॉल माजेस या इंजिनिअरने घडवलेलं हे सस्पेन्शन 1954 मध्ये एका गाडीच्या फक्त मागच्या चाकांना आलं आणि 1955 च्या पॅरिस मोटर शोमध्ये ‘डीएस’च्या चारही चाकांना. स्टीलच्या स्प्रिंगऐवजी प्रत्येक चाकाला एक लोखंडी गोळा. गोळ्यात रबरी डायफ्रॅम, त्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. नायट्रोजन हीच स्प्रिंग. शॉकअॅब्सॉर्बरचं काम गोळ्याच्या तोंडातला व्हॉल्व्ह करतो. पुढे एक आणि मागे एक असे दोन हाइट करेक्टर असतात. ते अँटी-रोल बारला काडीने जोडलेले असतात. माणसं बसली, गाडी खाली गेली की करेक्टर तेल आत सोडतो. माणसं उतरली की तेल टाकीत परत.

आता गंमत बघा. नेहमीच्या गाडीची स्प्रिंग थकली की गाडी बसते, वॉचमनलासुद्धा दिसतं. इथे काही वर्षांत डायफ्रॅममधून नायट्रोजन हळूहळू झिरपून जातो आणि स्प्रिंग थकते, पण गाडी बसत नाही! करेक्टर गॅसच्या जागी जास्तीचं तेल भरतो आणि उंची जिथल्या तिथे आणून ठेवतो. हिशोब सोपा आहे. गोळ्यातला दाब गाडीच्या वजनाने ठरतो, तो बदलत नाही. गॅस निम्मा उरला तर त्याच दाबाला त्याचं आकारमान निम्मं होतं आणि स्प्रिंगचा कडकपणा दुप्पट. म्हणजे टेप लावून मापलं तर गाडी अगदी बरोबर, आणि खड्ड्यात गेली की बैलगाडी.

इथेच घोळ होतो. ‘गाडी कडक झाली’ म्हटलं की कुणी पंप बदलतं, कुणी करेक्टर. पार्ट महाग, बिल मोठं, आणि खड्डा तसाच लागतो. याला मी निदान म्हणत नाही, लॉटरी म्हणतो. खरं तर या गाड्यांत स्कॅनर न लावता बरंच काही कळतं. बोनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन दाबा. चांगला गोळा असेल तर कोपरा मऊ खाली जातो आणि सावकाश वर येतो. दगडासारखा ताठ राहिला तर आधी गोळ्यावर संशय घ्या.

मग कान द्या. प्रेशर रेग्युलेटर बीएक्ससारख्या मॉडेलमध्ये साधारण 170 बारला पंपाचा भार काढतो आणि 145 बारला परत देतो. प्रत्येक वेळी ‘टिक’ असा आवाज येतो. गाडी आयडलला उभी असताना दोन टिकमध्ये अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ जात असेल तर तब्येत चांगली. दर दोन-तीन सेकंदांनी टिकटिक चालू असेल तर मुख्य अक्युम्युलेटरचा गॅस गेलाय, किंवा तेल आतल्या आत टाकीकडे पळतंय. कुठली रिटर्न नळी जास्त वाहतेय ते पाहिलं की दोन्हींतला फरक कळतो. ही टिकटिक चेष्टेवारी नेऊ नये, कारण ब्रेकसुद्धा याच दाबावर चालतात.

उंचीच चुकत असेल तर विचार वेगळा. पुढचं वर येतं आणि मागचं येत नाही? मग पंपाला शिव्या देऊ नका, पंप दोघांचा एकच आहे. आधी मागच्या करेक्टरची काडी गंजून अडकलीय का ते बघा. गाडी डावीकडे कललीय? तर करेक्टर निर्दोष, कारण एका अॅक्सलची डावी-उजवी बाजू तेलाने जोडलेलीच असते. दोष यांत्रिक भागात शोधायचा. तेल भरताना रंगही बघायचा. हिरवं एलएचएम हे खनिज तेल आहे. त्यात साधं ब्रेक ऑइल ओतलं तर सगळे सील फुगून बसतील. आणि नुसत्या हायड्रॉलिक्सवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. कितीही घाई असली तरी आधी स्टँड लावायचा.

‘हे सगळं आता म्युझियममध्ये गेलं, शिकायचं कशाला?’ असं रूममेट म्हणतो. त्याची निम्मी गोष्ट खरी आहे. गोळ्यांचं सस्पेन्शन असलेली शेवटची सिट्रोएन सी5, तिचं उत्पादन 2017 मध्ये थांबलं. 2021 मध्ये भारतात आलेल्या सी5 एअरक्रॉसच्या डँपरमध्ये हायड्रॉलिक कुशन आहेत, पण ती उंची बदलत नाही. तरीही टोयोटाने लँड क्रूझर 100 मध्ये गॅसचे गोळे आणि स्टीलच्या स्प्रिंगा एकत्र वापरल्याच, आणि तिथेही उंचीचा सेन्सर फक्त उंची बघतो, गॅस बघत नाही. म्हणून जाणकार लोक गाडी सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर असताना टाकीतल्या तेलाच्या पातळीत किती फरक पडतो ते मोजतात. फरक कमी झाला, तर गॅस कमी झाला. कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत बोलायचं तर एरर शून्य दिसली तरी ती शून्य ठेवायला सिस्टिमला किती धडपड करावी लागतेय ते बघायचं. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना हे आमच्याआधी पटेल.

तेव्हा सरांना एक विनंती. सिट्रोएन आणायची गरज नाही. फ्लुइड पॉवर लॅबमध्ये दोन अक्युम्युलेटर बसवून द्या, त्यातल्या एकाचा गॅस आम्ही यायच्या आधी कमी करून ठेवा आणि पंप चालू करा. मग आम्हाला वीस मिनिटं, एक प्रेशर गेज आणि एक घड्याळ द्या. स्केच आम्ही नंतर काढू. फक्त गॅस कुठल्या अक्युम्युलेटरचा काढलाय ते मागच्या बॅचला कळू देऊ नका, नाहीतर संध्याकाळपर्यंत उत्तर अख्ख्या हॉस्टेलला पाठ होईल.