आनंदीबाईंचा पत्ता

या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पश्चिमेकडच्या एका तेजस्वी ठिपक्याचा व्हिडिओ फिरला. ‘कुणाचा तरी ड्रोन आहे, पोलिसांना कळवा.’ मला रागच आला. दिवेलागणीला समोर तळपणारी शुक्राची चांदणी आपल्याला ओळखू येऊ नये? लग्न ठरवताना मात्र शुक्राचा अस्त कधी, हे याच मंडळींना तोंडपाठ. अस्त म्हणजे तरी काय, तो सूर्याच्या इतका जवळ दिसतो की त्याच्या उजेडात हरवतो. पंचांगातला शुक्र ओळखीचा आणि आकाशातला परका, हे मला सहन होत नाही.

आपल्याला तो सूर्यापासून फार तर ४७ अंश दूर दिसतो. म्हणून कधी संध्याकाळी, कधी पहाटे. मध्यरात्री माथ्यावर नाही. त्याचे दाट ढग सूर्यप्रकाशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परतवतात, म्हणून तो इतका झळाळतो. ढगांखालची जमीन १९९० पासून मॅगेलन यानाने रडारने न्याहाळली.

जमीन दिसली तशी तिच्यावर नावंही आली. मोजके अपवाद सोडले तर शुक्रावरच्या ठिकाणांना स्त्रियांचीच नावं देतात. त्यातली तीन विवरं आपल्या घरातली आहेत.

एक कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचं. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. दुसरं ‘मेधावी’, म्हणजे पंडिता रमाबाई. विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या, केडगावच्या. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या समुद्र ओलांडून गेल्या होत्या. एकीचं कौतुक करायला दुसरी गेली, त्या दोघी आता एकाच ग्रहावर आहेत, हे आठवलं की मला भरून येतं. तिसरं बेने इस्रायली घरातल्या डॉ. जेरुशा झिराड यांचं. मुंबईच्या कामा रुग्णालयाचा कारभार सांभाळून त्यांनी किती बायकांची बाळंतपणं सुखरूप पार पाडली असतील!

इमारतीतल्या मुलींना हे सांगितलं, तर एकीलाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या आयांनाही नाही. आनंदीबाई-रमाबाईंना टोमणे भरपूर झेलावे लागले. त्यांची नावं जगाने ग्रहावर लिहिली आणि आपण त्या ग्रहाला ड्रोन म्हणतो.

पश्चिमेला शुक्र दिसेल त्या संध्याकाळी पोरांना गच्चीवर न्या. बोट दाखवा आणि ही तीन नावं सांगा. मुलींना आधी सांगा.