हत्ती कुणाचा, नुकसान कुणाचं?

आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. २०१४ साली तिथल्या सरकारनं हौशी शिकारीवर बंदी घातली. पर्यटक हत्ती बघायला येतील, त्यावर गावं जगतील, असा हिशोब होता. पर्यटक आले, पण ते ओकावांगोच्या पाणथळीत आणि चोबेच्या राष्ट्रीय उद्यानात. कोरड्या मुलखातल्या गावांना शिकारीच्या परवान्यांतून मिळणारा पैसा मात्र आटला. हत्ती उभ्या ज्वारीत शिरायचे, ते शिरतच राहिले. अखेर २०१९ साली बंदी उठली; मोजकेच परवाने पुन्हा सुरू झाले. वाद अजून मिटलेला नाही. पण शिकार असो वा सहल, ज्याचं पीक हत्ती तुडवतो, त्याच्या पदरात चार पैसे पडले, तरच तो हत्तीची राखण करील.