प्रदक्षिणा पूर्ण कोणी केली?

समुद्रमार्गे पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस कोण, या प्रश्नाचे आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे मॅगेलन. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ते छापलेले असते आणि स्पर्धा परीक्षांना बसणारी मुले ते पाठ करतात. हा फर्डिनांड मॅगेलन २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपिन्समधल्या मॅक्टन बेटाच्या उथळ किनाऱ्यावर तिथला सरदार लापुलापू याच्या माणसांशी लढताना मारला गेला. त्याच्या ताफ्यातले एकच जहाज पृथ्वीला वळसा घालून स्पेनच्या सान लुकार बंदरात शिरले, ते ६ सप्टेंबर १५२२ रोजी. या दोन तारखांमध्ये सोळा महिन्यांहून अधिक काळ आणि जवळजवळ अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. एवढे असूनही उत्तर बदललेले नाही. ते बदलायला हवे असे माझे मत आहे. पण मॅगेलनचे नाव खोडून तिथे दुसरे एखादे नाव लिहिल्याने काम भागणार नाही. चूक नावात आहे तशीच प्रश्नाच्या एकवचनातही आहे.

आधी शब्दाचा अर्थ पक्का करू. प्रदक्षिणा म्हणजे लांबचा प्रवास नव्हे. जिथून निघालो तिथेच, मागे न वळता, दुसऱ्या बाजूने येऊन पोचणे म्हणजे प्रदक्षिणा. दर्यावर्दी लोकही हाच निकष मानतात: सुरुवात आणि शेवट एकाच बंदरात, सगळी रेखावृत्ते ओलांडलेली, विषुववृत्त किमान दोनदा छेदलेले. निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या नौदलाच्या सागर परिक्रमेत कमांडर दिलीप दोंदे हेच निकष पाळून १९ ऑगस्ट २००९ रोजी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी मुंबईलाच परतले. त्यांच्या बाबतीत एकट्याने प्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय कोण, हा वाद उद्भवतच नाही. शिडाच्या नौकेवर माणूसच एक होता. मॅगेलनच्या ताफ्यात पाच जहाजे आणि सुमारे २४० माणसे होती. त्यातली बहुतेक वाटेत मेली, काही पळाली, काही कैद झाली. मोहीम एकाच्या नावाने निघाली आणि दुसऱ्याच्या हाताखाली संपली. श्रेयाचा प्रश्न निर्माण झाला तो इथे.

मॅगेलनच्या बाजूने सर्वांत भक्कम म्हणून मांडला जाणारा मुद्दा असा, की तो पूर्वेकडच्या वाटेनेही आधी बराच पुढे गेला होता. हे खरे आहे. १५०५ साली फ्रान्सिस्को द अल्मेदाच्या ताफ्यातून तो पोर्तुगालहून हिंदुस्थानात आला, १५०९ च्या दीवच्या लढाईत होता आणि १५११ साली आल्बुकर्कने मलाक्का जिंकले तेव्हाही तिथे होता. एका खेपेस पूर्वेने मलाक्कापर्यंत आणि दुसऱ्या खेपेस पश्चिमेने मॅक्टनपर्यंत. दोन्ही कमानी जोडल्या की वर्तुळ होते, असे त्याचे समर्थक म्हणतात. आपल्याला ही आकृती ओळखीची आहे. शंकराच्या देवळात सोमसूत्र ओलांडायचे नसते म्हणून आपण एका बाजूने पन्हळीपर्यंत जातो, मागे फिरतो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत येतो. तिथे मधली फट सोडणे हाच नियम आहे. समुद्रावर मात्र त्या फटीलाच महत्त्व आहे. मलाक्का सुमारे १०२ पूर्व रेखांशावर, मॅक्टन १२४ वर. हे बावीस अंश मॅगेलनने ओलांडल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. १५१२ च्या सुमारास तो मलाक्काहून पुढे मसाल्याच्या बेटांपर्यंत गेला असावा असा तर्क केला जातो, पण नुसत्या तर्कावर कोणाला पहिलेपण देता येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की मॅगेलनला पृथ्वीप्रदक्षिणा करायचीच नव्हती. १४९४ च्या तोर्देसिल्यास तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी जग आपसात वाटून घेतले होते. लवंगेची मोलुक्का बेटे स्पेनच्या हिश्श्यात येतात आणि तिथे पश्चिमेकडून पोचता येते, हे मॅगेलनचे म्हणणे स्पेनच्या राजाने उचलून धरले. मार्च १५१८ मध्ये वायादोलिद इथे झालेल्या करारात पोर्तुगालच्या हद्दीत शिरायचे नाही, अशी स्पष्ट अट होती. मोलुक्काहून पुढे पश्चिमेला गेले की हिंदी महासागर, आणि तिथे सगळीकडे पोर्तुगीजांची ठाणी. म्हणजे आलेल्या वाटेनेच परत फिरणे हा करारातून निघणारा सरळ अर्थ होता. प्रदक्षिणा झाली ती अट मोडून.

हे म्हणताना मॅगेलनचे काम लहान करायचा हेतू नाही. माझ्या मते त्याने केलेले काम प्रदक्षिणेपेक्षा अवघड होते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वाट आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या किनाऱ्यावर सान हुलियानच्या थंडीत तीन जहाजांवर बंड झाले, ‘सान्तियागो’ किनाऱ्यावर फुटले आणि सामुद्रधुनीत शिरल्यावर सर्वांत मोठे ‘सान अंतोनियो’ शिधासामग्रीसह पळून स्पेनला परतले. तरीही २१ ऑक्टोबर ते २८ नोव्हेंबर १५२० या काळात त्याने साडेपाचशे किलोमीटरहून लांब, वळणावळणाची, वाऱ्याने झोडपलेली ती वाट शोधून काढली आणि उरलेली तीन जहाजे पॅसिफिकमध्ये उतरवली. पुढचे तीन महिने वीस दिवस ताजे अन्न मिळाले नाही. मोहिमेची रोजनिशी ठेवणारा इटालियन अंतोनियो पिगाफेत्ता लिहितो की बिस्किटांचा भुगा झाला होता, पाणी पिवळे पडून नासले होते, डोलकाठीवरचे चामडे चार-पाच दिवस समुद्रात भिजवून, भाजून खाल्ले जाई आणि एकेक उंदीर अर्ध्या डुकाटला विकला जाई. पॅसिफिक किती मोठा आहे हे युरोपला त्या प्रवासामुळे कळले. सामुद्रधुनीला मॅगेलनचे नाव आहे ते योग्यच आहे. ते श्रेय त्याचे आहे आणि पुरेसे आहे.

आता परतीची कहाणी. मॅगेलनच्या मृत्यूनंतर सेबूमध्ये मेजवानीला बोलावून २०-२५ जणांची कत्तल झाली. माणसे इतकी कमी उरली की तीन जहाजे चालवणे अशक्य झाले, म्हणून ‘कॉन्सेप्सिऑन’ जाळून टाकण्यात आले. पुढे स्थानिक वाटाड्यांना जबरदस्तीने पकडून, त्यांच्या मदतीने उरलेली दोन जहाजे ८ नोव्हेंबर १५२१ रोजी मोलुक्कातल्या तिदोरला पोचली. त्या वाटाड्यांनाही या सफरीचा काही वाटा द्यायला हवा; त्यांच्याशिवाय लवंगेची बेटे सापडलीच नसती. तिथून निघताना त्यांतल्या ‘त्रिनिदाद’ला मोठी गळती लागली. मग ठरले ते असे: ‘त्रिनिदाद’ डागडुजी करून पॅसिफिकमार्गे परत जाईल आणि ‘व्हिक्टोरिया’ वारा आहे तोवर पश्चिमेकडे निघेल. २१ डिसेंबरला ‘व्हिक्टोरिया’ निघाली. तिच्यावर ४७ युरोपीय आणि १३ स्थानिक लोक होते, आणि कप्तान होता बास्क प्रांतातला हुआन सेबास्तियन एल्कानो. पृथ्वीप्रदक्षिणेचा निर्णय कधी झाला असे विचारले, तर उत्तर हाच दिवस आहे.

यावर कोणी म्हणेल की आफ्रिकेला वळसा घालणारी वाट पोर्तुगीजांना चांगली माहीत होती, एल्कानोने त्यात नवे काय केले? नवे हे, की त्या माहीत असलेल्या वाटेवरचे एकही बंदर त्याला वापरता येत नव्हते. पकडले जाऊ नये म्हणून फेब्रुवारी १५२२ मध्ये तिमोर सोडल्यावर जहाज दक्षिणेला खूप खाली गेले आणि ९ जुलैपर्यंत, पाच महिने, कोणत्याही बंदरात थांबले नाही. भात आणि पाणी एवढेच अन्न. जहाजात सतत पाणी शिरत होते आणि माणसे रात्रंदिवस ते उपसत होती. याच टप्प्यावरची पिगाफेत्ताची एक नोंद मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाची वाटते. काही जणांचे म्हणणे होते की मोझांबिकच्या पोर्तुगीज ठाण्यावर जावे, निदान जीव वाचेल. बहुतेकांनी नकार दिला आणि स्पेनला जायचे ठरवले. म्हणजे प्रदक्षिणा पुरी करण्याचा निर्णय जहाजावरच्या बहुसंख्य माणसांचा होता, आणि त्याची किंमतही त्यांनीच दिली.

एल्कानोवर दुसरा आक्षेप चारित्र्याचा आहे. सान हुलियानच्या बंडात तो बंडखोरांच्या बाजूने होता. मॅगेलनने शिक्षा सुनावलेल्यांत त्याचे नाव होते. परतल्यावर वायादोलिदला झालेल्या चौकशीत त्याने मॅगेलनविरुद्ध साक्षही दिली, आणि मॅगेलनची बाजू मांडायला स्वतः मॅगेलन नव्हता. हे सगळे मान्य. पण बंडात सामील झालेला माणूस नंतर जहाज परत आणू शकत नाही असे थोडेच आहे? साक्षीचा भाग मात्र दुहेरी आहे. मॅगेलनच्या चाहत्या पिगाफेत्ताने आपल्या पूर्ण वृत्तान्तात एल्कानोचे नाव एकदाही घेतलेले नाही. ज्याच्या हुकमतीखाली लेखक स्वतः जिवंत घरी पोचला, त्याचा उल्लेखही नाही! जगाने पुढे मुख्यतः पिगाफेत्ता वाचला. आपल्या उत्तरात मॅगेलन का पक्का बसला, याचे हे एक मोठे कारण आहे असे मी मानतो.

राजाने एल्कानोला वर्षाला ५०० डुकाटचे वेतन आणि पृथ्वीगोलाचे चिन्ह असलेली ढाल दिली. तिच्यावरच्या लॅटिन ब्रीदाचा आशय असा की माझ्याभोवती प्रथम फिरलास तो तूच. इथेही एकवचन. शिवाय सेव्हिलला आलेली माणसे १८, हा आकडाही तेव्हापासून रूढ झाला. तो अपुरा आहे. ‘व्हिक्टोरिया’ केप व्हर्देच्या सान्तियागो बेटावर पोचली तेव्हा तिच्यावर किमान ३१ माणसे होती. अन्न आणायला गेलेल्या १३ जणांना पोर्तुगीजांनी तिथे पकडले आणि जहाजाला त्यांना मागे टाकून पळावे लागले. पुढे सुटून स्पेनला पोचलेल्या या माणसांना ‘पहिल्या अठरांत’ जागा नाही. पण नकाशा पाहा. स्पेनचे रेखावृत्त जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्येच ओलांडले होते. १५१९ साली ताफा केप व्हर्देजवळूनच गेला होता. त्या बेटाशी पोचताच वर्तुळ जोडले गेले. याचा पुरावा अगदी अचूक आहे. किनाऱ्यावर जाणाऱ्यांना आज वार कोणता ते विचारून यायला सांगितले होते. जहाजाच्या हिशेबाने बुधवार होता, किनाऱ्यावर गुरुवार. पिगाफेत्ता कधी आजारी न पडता रोज नोंद ठेवत होता आणि जहाजावरच्याच फ्रान्सिस्को अल्बोची रोजनोंद वेगळी होती, तरी दोघांचा दिवस एकच कमी आला. सूर्याबरोबर पश्चिमेकडे पूर्ण फेरी मारणाऱ्याचा एक दिवस कमी होतो. तो दिवस गमावलेल्यांत ते तेराही होतेच. सान लुकारहून राजाला लिहिलेल्या पत्रात एल्कानोने पहिल्या मागण्यांत त्यांच्या सुटकेची विनंती केली. कप्तानाने त्यांना आपल्यात मोजले होते. आपणही मोजावे.

आणखी एक नाव हल्ली पुढे येते, एन्रिकेचे. मॅगेलनने मलाक्काला विकत घेतलेला हा गुलाम त्याच्याबरोबर युरोपला गेला आणि दुभाषा म्हणून मोहिमेवर निघाला. मार्च १५२१ मध्ये फिलिपिन्सच्या एका बेटावर तो बोलला आणि समोरच्या होडीतल्या माणसांना ते समजले. पश्चिमेला जात राहून आपल्या भाषेच्या मुलखात परत पोचलेला तो पहिला माणूस, ही कल्पना मन हलवून टाकते. मलय भाषेत त्याच्यावर ‘पांग्लिमा आवांग’ ही कादंबरी झाली, आणि तो मुळात सेबूचाच होता असेही काही जण मानतात. पण मलय ही त्या सगळ्या समुद्रपट्ट्याची व्यापारी भाषा होती. ती समजली म्हणून गाव एक ठरत नाही. मॅगेलनच्या मृत्युपत्रात तो मलाक्काचा आहे, पिगाफेत्ताच्या लेखी सुमात्राचा. धन्याच्या मृत्यूनंतर त्याला मुक्त करावे आणि १०,००० माराव्हेदी द्यावेत, असे मृत्युपत्रात लिहिले होते. मॅगेलननंतर प्रमुख झालेल्या दुआर्ते बार्बोसाने ते मानले नाही, उलट फटक्यांची धमकी दिली. सेबूतल्या १ मेच्या कत्तलीनंतर किनाऱ्यावरून आलेला निरोप असा होता की दुभाष्याखेरीज सगळे मेले. त्यानंतर एन्रिके कागदावर दिसत नाही. तो सेबूहून घरी पोचला असेल तर मान त्याचा, यात मला शंका नाही. पण ‘असेल तर’ हे शब्द पुसायला आधार नाही. हक्काची मुक्ती नाकारल्या गेलेल्या माणसाला सिद्ध न होणारा मुकुट देण्यापेक्षा त्याच्यावर झालेला सिद्ध अन्याय नीट सांगणे मला अधिक न्याय्य वाटते.

२०१९ साली मोहिमेच्या पाचशेव्या वर्षी स्पेनच्या इतिहास अकादमीने ही सफर पूर्णपणे आणि केवळ स्पॅनिश होती असे जाहीर केले, कारण पोर्तुगाल मॅगेलनवर हक्क सांगत होता. पैसा आणि जहाजे स्पेनची होती हे खरे. पण परतलेल्या अठरांतच बास्क, ग्रीक, इटालियन आणि एक जर्मन होता. राष्ट्रांना वाटून देण्याजोगे हे श्रेय नाही. मला विचाराल तर पुस्तकात एवढेच छापावे: मॅगेलनने सामुद्रधुनी शोधली, आणि पहिली प्रदक्षिणा एल्कानोच्या कप्तानीखाली ‘व्हिक्टोरिया’च्या खलाशांनी पूर्ण केली.

‘त्रिनिदाद’ला पॅसिफिकमधले उलटे वारे ओलांडता आले नाहीत. ती मोलुक्काला परतली आणि पोर्तुगीजांच्या हाती पडली. तिचा प्रमुख गोन्सालो गोमेझ दे एस्पिनोसा हा सान हुलियानचे बंड मोडताना मॅगेलनच्या बाजूने उभा राहिलेला माणूस. त्याला आणि त्याच्या साथीदारांना कैदी म्हणून मलाक्काला आणि तिथून कोचीनला नेले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके त्यांतले वाचले आणि पुढे कित्येक वर्षांनी आफ्रिकेला वळसा घालून युरोपला पोचले, तेव्हा त्यांचीही प्रदक्षिणा पूर्ण झाली. १५२५ साली एस्पिनोसाने कोचीनहून राजाला पत्र लिहिले, तेव्हा एल्कानोला पृथ्वीगोलाची ढाल मिळून दोन वर्षे होत आली होती.